नवा ‘व्हेन’ जोडला की क्वेरी पुन्हा मंद: नेस्टेड केसच्या उलटणाऱ्या दुखण्याचं निदान

लक्षण ओळखीचं आहे. रिपोर्टची एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएलमध्ये विचारलेला प्रश्न, अचानक मंदावते. कोणीतरी एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी आज्ञा) बघतं, एखादा इंडेक्स (ओळी पटकन शोधण्यासाठीची सूची) टाकतं, क्वेरी पळायला लागते, तिकीट बंद होतं. काही आठवड्यांनी व्यवहाराचा नवा प्रकार येतो, केस एक्सप्रेशनमध्ये, म्हणजे ‘ही अट असेल तर हे मूल्य’ अशा साखळीत, आणखी एक ‘व्हेन’ जोडला जातो आणि तीच क्वेरी पुन्हा रांगायला लागते. मग सगळं खापर केसवर फुटतं: “इतकी नेस्टेड अट आहे, वेळ लागणारच.”

बहुतेक वेळा हे निदान चुकलेलं असतं. केस मोजण्यात जाणारा वेळ फार मोठा नसतोच. खरी अडचण ही, की प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला, केसच्या आतलं काही दिसत नाही. आणि मागच्या वेळची दुरुस्ती केसच्या नेमक्या रचनेला बांधलेली असते, म्हणून रचना बदलली की दुखणं उलटतं. खालचं विवेचन मुख्यतः पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दल आहे. दुसऱ्या इंजिनांची वागणूक जिथे वेगळी आहे तिथे त्यांचा उल्लेख केला आहे.

आधी केस कुठे बसला आहे ते बघा

केस सिलेक्टच्या यादीत आहे, व्हेअरमध्ये (ओळी गाळणाऱ्या अटीत) आहे, की जॉईनच्या (दोन टेबलं जोडणाऱ्या) अटीत? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढची दिशा ठरते.

सिलेक्टच्या यादीत असेल तर साधी चाचणी करा: केस काढून तिथे एक स्थिर मूल्य ठेवा आणि क्वेरी पुन्हा चालवा. वेळ जवळपास तेवढाच राहिला तर केस निर्दोष आहे, दुसरीकडे शोधा. एक्सप्लेन अॅनलाइझने मोजत असाल तर टायमिंगचा पर्याय बंद ठेवून एकदा बघा, कारण प्लॅनच्या प्रत्येक नोडवर (पायरीवर) घड्याळ बघण्याचाच खर्च काही मशीनवर आकडे फुगवतो.

पोस्टग्रेस १० मध्ये, म्हणजे २०१७ साली, एक्सप्रेशन मोजण्याची यंत्रणा नव्याने लिहिली गेली. आधी झाडाच्या प्रत्येक फांदीवर रिकर्सिव्ह कॉल व्हायचे. आता संपूर्ण एक्सप्रेशनची एक सपाट पायऱ्यांची यादी बनते आणि केस म्हणजे त्या यादीतल्या उड्या. म्हणून ‘एल्स केस व्हेन…’ असं आत आत जाणारं लिखाण सपाट करून एकाखाली एक व्हेन मांडले, तरी वेगात सांगण्यासारखा फरक पडत नाही. वाचायला सोपं होतं, आणि तेवढ्यासाठी ते जरूर करा, पण तिकिटात ‘ऑप्टिमाइझ केलं’ असं लिहू नका. एसक्यूएल सर्व्हरवर मात्र सपाट करण्याला वेगळं कारण आहे: तिथे केस एकात एक फक्त १० पातळ्यांपर्यंत जाऊ शकतो.

व्हेअरमधला केस: अंदाज कसा कोसळतो

अशी अट घ्या:

केस व्हेन प्रकार = 'घाऊक' देन 'अ'
व्हेन रक्कम > १०००० देन 'ब'
एल्स 'क' एंड = 'ब'

माणसाला लगेच कळतं की इथे दहा हजारांवरच्या, घाऊक नसलेल्या ऑर्डर हव्या आहेत. पोस्टग्रेसला कळत नाही. केसची तुलना बाहेरच्या स्थिर मूल्याशी होते आहे हे बघून तो अट उलगडत नाही. ‘रक्कम’वर इंडेक्स असला तरी तो या अटीसाठी वापरला जात नाही. एक्सप्लेनमध्ये सीक्वेन्शियल स्कॅनखाली (अख्खं टेबल ओळीओळीने वाचण्याखाली) फिल्टर म्हणून अख्खा केस छापलेला दिसतो आणि त्याखाली फिल्टरने गाळलेल्या ओळींचा मोठा आकडा.

पण इंडेक्स न लागणं हा अर्धाच त्रास. या एक्सप्रेशनबद्दल कोणतीही आकडेवारी नसल्यामुळे प्लॅनर त्याची २०० वेगवेगळी मूल्यं आहेत असं धरून चालतो, म्हणजे बरोबरीच्या अटीला ०.५ टक्का ओळी जुळतील असा ठोकताळा. १० लाख ओळींच्या टेबलवर अंदाज येतो ५,००० चा. प्रत्यक्षात ‘ब’ वर्गात ६ लाख ओळी असू शकतात. अशा दोन केस-अटी ‘अँड’ने जोडल्या की अंदाज उतरतो २५ ओळींवर. पंचवीसच ओळी येणार म्हटल्यावर प्लॅनर खुशाल नेस्टेड लूप (बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी आतल्या टेबलात पुन्हा शोधणारा जॉईन) निवडतो, आणि आतल्या टेबलवर पंचवीस फेऱ्यांऐवजी लाखो फेऱ्या होतात. रिपोर्ट मंदावतो तो इथे. वेळ जॉईनमध्ये जाताना दिसतो आणि मूळ असतं दोन नोड खालच्या फिल्टरमध्ये. म्हणून एक्सप्लेन वाचताना सर्वात जास्त वेळ खाणारा नोड शोधत बसू नका. खालून वर या, आणि अंदाज व प्रत्यक्ष ओळी जिथे पहिल्यांदा दूर जातात तिथे थांबा.

उपाय पहिला: अट उलगडून लिहा. वरची अट अशी होते: रक्कम > १०००० अँड (प्रकार = 'घाऊक') इज नॉट ट्रू.

शेवटचा भाग मुद्दाम तसा लिहिला आहे. अनेकजण तिथे ‘प्रकार <> घाऊक’ लिहितात आणि निकाल गुपचूप बदलतो. केसमध्ये अट खोटी असो वा नल (मूल्यच माहीत नाही), दोन्ही वेळा नियंत्रण पुढच्या व्हेनकडे जातं. ज्या ओळीत प्रकार नल आहे ती मूळ केसमध्ये ‘ब’पर्यंत पोहोचते, <> लिहिलं तर ती गळते. ‘इज नॉट ट्रू’ किंवा ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ यांनीच अर्थ टिकतो. उलगडल्यानंतर जुन्या आणि नव्या क्वेरीचे निकाल एक्सेप्टने (एका निकालात असलेल्या पण दुसऱ्यात नसलेल्या ओळी देणाऱ्या आज्ञेने) दोन्ही दिशांनी ताडून बघा. नल असलेली एकही ओळ टेस्टच्या डेटात नसेल तर ती तपासणी झालीच नाही असं समजा.

साखळी लांब असेल तर उलगडलेली अट भयानक दिसते, हे मान्य. तेव्हा दुसरा उपाय: एक्सप्रेशनला आकडेवारी द्या. पोस्टग्रेस १४ पासून क्रिएट स्टॅटिस्टिक्स थेट एक्सप्रेशनवर करता येतं. नंतर अॅनलाइझ (आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवायला विसरू नका, नाहीतर नुसती नोंद होते, आकडे येत नाहीत. याने इंडेक्स मिळत नाही, पण अंदाज ताळ्यावर येतो आणि जॉईन बऱ्याचदा आपोआप सुधारतो. इंडेक्सही हवा असेल तर केसवरच एक्सप्रेशन इंडेक्स टाका. त्याचीही आकडेवारी अॅनलाइझ गोळा करतं.

मग ते उलटतं का?

एक्सप्रेशन इंडेक्स आणि एक्सप्रेशनवरची आकडेवारी, दोन्ही लागू होतात ते क्वेरीतलं एक्सप्रेशन रचनेने अगदी तसंच असेल तेव्हा. मोकळ्या जागा, ओळी तोडणं, अक्षरांचा लहानमोठेपणा यांनी फरक पडत नाही, कारण जुळणी पार्स झालेल्या झाडाची होते. पण एक व्हेन वाढला, दोन व्हेनची अदलाबदल झाली, ‘एल्स नल’ऐवजी ‘एल्स क’ झालं, की झाड वेगळं. इंडेक्स जागेवरच असतो, प्रत्येक इन्सर्टला त्याची किंमत मोजली जाते, आणि क्वेरी त्याच्याकडे बघतही नाही. ना एरर, ना वॉर्निंग. ०.५ टक्क्याचा ठोकताळा परत येतो.

तिकीट पुन्हा उघडण्याचं हे सर्वात नेहमीचं कारण. नियम बदलणाऱ्या माणसाला त्या इंडेक्सचं अस्तित्वच माहीत नसतं, कारण इंडेक्स मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या) फाइलीत आणि केस रिपोर्टच्या कोडमध्ये.

म्हणून केस एका जागी ठेवा. पोस्टग्रेस १२ पासून साठवलेला जनरेटेड कॉलम मिळतो: केस कॉलमच्या व्याख्येत जातो, क्वेरीत फक्त कॉलमचं नाव येतं, इंडेक्स आणि आकडेवारी साध्या कॉलमसारखी. अट अशी, की एक्सप्रेशन इम्युटेबल, म्हणजे त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणारं, असलं पाहिजे; आजची तारीख बघून वर्ग ठरत असेल तर हा रस्ता बंद. नियम बदलला तर १७ व्या आवृत्तीपासून एक्सप्रेशन बदलायची सोय आहे, पण साठवलेल्या कॉलमसाठी अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जातं, तेवढा वेळ लॉक धरून. मोठ्या टेबलवर ते रात्रीचं काम. १८ मध्ये व्हर्च्युअल जनरेटेड कॉलमही आले आहेत, पण त्यांच्यावर इंडेक्स टाकता येत नाही, तेव्हा या दुखण्यावर ते पूर्ण उतारा नाहीत. मायएसक्यूएलमध्ये ८.०.१३ पासून फंक्शनल इंडेक्स आहे. तिथेही एक्सप्रेशन तंतोतंत जुळण्याची अट तशीच.

नियम दर महिन्याला बदलत असतील तर जनरेटेड कॉलमही नको. तो केस म्हणजे मुळात डेटा आहे, चुकून कोडमध्ये राहायला आलेला. ‘या प्रकाराला हा वर्ग’ अशी नुसती बरोबरीची साखळी असेल तर एक छोटं टेबल करून लेफ्ट जॉईन करा. पोस्टग्रेस केसमधल्या बरोबरीच्या अटी वरून खाली एकेक तपासत जातो, त्यांचा जंप टेबल (थेट योग्य फांदीवर उडी मारणारा तक्ता) करत नाही. दोनशे व्हेन असतील आणि उत्तर शेवटून दुसऱ्यात असेल तर प्रत्येक ओळीला जवळजवळ दोनशे तुलना. हॅश जॉईनमध्ये एक शोध पुरतो. साखळी मर्यादांची असेल, म्हणजे शंभरपर्यंत हा वर्ग, पाचशेपर्यंत तो, तर विड्थ बकेट फंक्शनचा अॅरे घेणारा प्रकार बघा. ९.५ पासून उपलब्ध आहे, चढत्या क्रमाने लावलेल्या मर्यादा घेतो आणि बायनरी सर्चने खण शोधतो. फार कमी लोक वापरतात. का, कोण जाणे.

एकच केस अनेकदा मोजला जातो तेव्हा

व्ह्यूवर (नाव देऊन ठेवलेल्या क्वेरीवर) व्ह्यू रचलेल्या सिस्टीममध्ये हे सापडतं. पहिल्या व्ह्यूत ‘श्रेणी’ केसने ठरते. दुसऱ्या व्ह्यूतला केस श्रेणी दोनदा वापरतो, तिसऱ्यातला दुसऱ्याचा कॉलम दोनदा. प्लॅनर हे सगळे व्ह्यू वर ओढून एकच क्वेरी करतो आणि प्रत्येक उल्लेखाच्या जागी पूर्ण एक्सप्रेशन ठेवतो. मूळ केसच्या चार प्रती झाल्या. अशाच आणखी तीन पातळ्या चढवल्या की ३२. पोस्टग्रेस सारखी दिसणारी स्केलर एक्सप्रेशन एकदा मोजून पुन्हा वापरत नाही. व्हर्बोज एक्सप्लेनमध्ये आउटपुटची ओळ पडदे भरून वाहत असेल तर हेच झालं आहे.

यावर बांध घालायचा तर आतल्या सबक्वेरीला ‘ऑफसेट ०’ लावा, किंवा विथ क्लॉजला ‘मटेरियलाइज्ड’ शब्द द्या. १२ च्या आधी विथ क्लॉज नेहमीच वेगळा मोजला जायचा, १२ पासून एकदाच वापरलेला आत विरघळतो. अपग्रेडनंतर क्वेरी मंदावली असेल तर ही शक्यता आधी तपासा. बांधाची किंमतही आहे: बाहेरच्या अटी मग आतल्या सबक्वेरीत ढकलल्या जात नाहीत, त्यामुळे गाळणी करणारी अट आत स्वतः लिहावी लागते.

स्पार्क या मोठ्या डेटासाठीच्या इंजिनात हाच प्रकार जास्त उग्र होतो. लूपमध्ये विथकॉलम बोलावून अटींवर अटी चढवल्या की प्लॅन इतका फुगतो की स्टॅक ओव्हरफ्लोपर्यंत मजल जाऊ शकते. त्यांच्या अधिकृत दस्तऐवजातच तसा इशारा आहे. शिवाय क्वेरीसाठी स्पार्कने तयार केलेल्या जावा मेथडचा बाइटकोड ८,००० बाइटच्या पुढे गेला तर जेव्हीएम (जावा चालवणारं यंत्र) डीफॉल्टमध्ये तिला कंपाइल करतच नाही, ती इंटरप्रिटरवर घसरते. सगळे कॉलम एकाच सिलेक्टमध्ये लिहा आणि मधले निष्कर्ष कुठेतरी साठवून साखळी तोडा.

एसक्यूएल सर्व्हरची खोड वेगळी. तिथे ‘केस अमुक व्हेन १ व्हेन २’ हा साधा प्रकार आतून ‘व्हेन अमुक = १ व्हेन अमुक = २’ असा उघडतो, त्यामुळे ‘अमुक’ म्हणजे सबक्वेरी असेल तर ती प्रत्येक व्हेनला पुन्हा चालू शकते. आणि ‘अमुक’मध्ये नवा यादृच्छिक आयडी असेल तर प्रत्येक तुलनेला वेगळं मूल्य मिळून एकही व्हेन न जुळता नल येऊ शकतो. कोअलेस हाही आतून केसच असल्यामुळे त्यातल्या सबक्वेरीचंही तेच. सबक्वेरी आउटर अप्लायमध्ये काढून तिचा कॉलम वापरा.

केसच्या पोटातली सबक्वेरी

‘व्हेन एक्झिस्ट्स (…)’ हे दिसलं की बाकी सगळं सोडून आधी तिकडे बघा. व्हेअरच्या वरच्या पातळीवर ‘अँड’ने जोडलेला एक्झिस्ट्स पोस्टग्रेस सेमी-जॉईनमध्ये (जुळणी आहे की नाही एवढंच बघणाऱ्या जॉईनमध्ये) बदलू शकतो. तोच एक्झिस्ट्स केसमध्ये किंवा ‘ऑर’च्या एका बाजूला ठेवला की तो सबप्लॅन, म्हणजे ओळीगणिक पुन्हा चालू शकणारी वेगळी क्वेरी, म्हणून राहतो. एक्सप्लेनमध्ये सबप्लॅनसमोरचा लूप्सचा आकडा बघा. तो लाखांत असेल तर शोध संपला. उपाय: त्या टेबलातून कीनुसार एकच ओळ येईल अशी सबक्वेरी करून लेफ्ट जॉईन करा आणि केसमध्ये जुळलेली की नल आहे का तेवढंच विचारा. एकाला अनेक ओळी जुळत असतील आणि डिस्टिंक्ट लावायचं राहिलं तर बेरजा दुप्पट होतील.

पॅरामीटर ऐच्छिक ठेवणारा केस

‘पॅरामीटर नल असेल तर सगळं आण, नाहीतर कॉलमशी तुलना कर’ हा केस शोध-स्क्रीनच्या मागे हमखास असतो. याचं लक्षण चकवतं: तीच विनंती कधी झटपट, कधी मंद. प्रिपेअर्ड स्टेटमेंटच्या (एकदा तयार करून वेगवेगळ्या मूल्यांनी चालवायच्या क्वेरीच्या) पहिल्या पाच वेळा पोस्टग्रेस प्रत्यक्ष मूल्य धरून प्लॅन करतो. तेव्हा केस प्लॅनिंगमध्येच विरघळून साधी बरोबरी उरते आणि इंडेक्स लागतो. त्यानंतर तो मूल्यविरहित जेनेरिक प्लॅनचा अंदाजे खर्च आधीच्या सरासरीशी ताडतो. पहिल्या पाच हाका नेमक्या ‘सगळं आण’वाल्या महागड्या निघाल्या तर जेनेरिक प्लॅन स्वस्त दिसू शकतो, आणि त्या कनेक्शनवर तोच चालू राहतो. पूलमधली काही कनेक्शनं जलद आणि काही मंद असतील तर हे कारण जवळजवळ पक्कं. प्लॅन कॅश मोड सक्तीने कस्टम करून खात्री करा. कायमचा उपाय ॲप्लिकेशनमध्ये आहे: नल असलेली अट क्वेरीत घालूच नका. एसक्यूएल सर्व्हरवर क्वेरीला रीकंपाइलचा पर्याय देऊन हेच साधतं.

केस नाही, पण अँड-ऑर खोल आहेत

मायएसक्यूएलमध्ये रेंज ऑप्टिमायझरला (इंडेक्सचे कोणते पट्टे वाचायचे ते ठरवणाऱ्या भागाला) मेमरीची मर्यादा आहे, डीफॉल्ट ८३,८८,६०८ बाइट. ‘ऑर’ने जोडलेल्या प्रत्येक अटीला साधारण २३० बाइट धरा. ‘इन’मधलं प्रत्येक मूल्य एक ‘ऑर’ म्हणून मोजलं जातं, आणि दोन ‘इन’ याद्या ‘अँड’ने जोडल्या की गुणाकार होतो. दोन्हीकडे १९० मूल्यं असतील तर ३६,१०० अटी, जेमतेम आत. दोन्हीकडे २०० झाली की ४०,००० अटी, सुमारे ९२ लाख बाइट, मर्यादा ओलांडली. रेंजची पद्धत सोडून दिली जाते आणि पूर्ण टेबल वाचलं जाऊ शकतं. दहा मूल्यांनी एवढा फरक पडतो हे कोणाला पटत नाही, म्हणून शो वॉर्निंग्ज चालवून दाखवा. मर्यादा वाढवता येते. याद्या तात्पुरत्या टेबलात टाकून जॉईन करणं जास्त टिकाऊ.

पोस्टग्रेसमध्ये लांब ‘इन’ यादी १४ पासून बरीच सुसह्य झाली, स्थिर मूल्यं नऊ किंवा जास्त असतील तर हॅशने शोध होऊ शकतो. ‘नॉट इन’ला ही सोय १५ मध्ये मिळाली. एसक्यूलाइटमध्ये एक्सप्रेशनच्या झाडाची खोली डीफॉल्टमध्ये १,००० पर्यंतच. ओआरएमने (कोडमधून एसक्यूएल बनवणाऱ्या लायब्ररीने) ‘ऑर’ची लांब माळ ओवली की तिथे थेट एरर येतो, जे एका अर्थी बरंच.

कॉलम-आधारित इंजिनांमध्ये केस ओळीगणिक चालत नाही, एका गठ्ठ्यावर चालतो. क्लिकहाउसमध्ये शॉर्ट सर्किटची सेटिंग बंद असेल तर सगळ्या फांद्या सगळ्या ओळींसाठी मोजल्या जातात, मग महागडं रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधणं) दुर्मिळ फांदीत असलं तरी पूर्ण किंमत पडते. जुनी कॉन्फिग फाइल पुढे ओढत आणली असेल तर ही सेटिंग तपासा.

दुरुस्ती करताना दोन फास

व्हेनचा क्रम बदलून वेग मिळतो, पण अटी एकमेकींना छेदत नसतील तरच. नाहीतर उत्तर बदलतं. आणि केसला शून्याने भागण्यापासून वाचवणारी ढाल समजत असाल तर सावध राहा. पोस्टग्रेस स्थिर एक्सप्रेशन प्लॅनिंगच्या वेळीच मोजून टाकतो, त्यामुळे कधीच न पोहोचणाऱ्या फांदीतला १/० सुद्धा एरर देऊ शकतो. अॅग्रिगेट (बेरीज, सरासरी वगैरे) तर केसच्या आधीच मोजले जातात. सरासरीच्या आतला भागाकार बाहेरच्या व्हेनने वाचत नाही, अट अॅग्रिगेटच्या आत किंवा फिल्टर क्लॉजमध्ये न्या.

जिटचंही, म्हणजे एक्सप्रेशन आयत्या वेळी मशीन कोडमध्ये कंपाइल करणाऱ्या सोयीचंही, बघा. पोस्टग्रेस १२ पासून ते डीफॉल्ट चालू आहे आणि अंदाजे खर्च १,००,००० च्या पुढे गेला की जागं होतं. लांबलचक केस आणि भरपूर पार्टिशन एकत्र आले की कंपाइल करण्यातच क्वेरीपेक्षा जास्त वेळ जाऊ शकतो. एक्सप्लेन अॅनलाइझच्या तळाला जिटचा वेळ वेगळा छापलेला असतो. सेशनपुरतं बंद करून फरक बघा.

शेवटी पुन्हा उलटू नये म्हणून पहारा. एक्सप्रेशन इंडेक्स ठेवायचाच असेल तर टेस्टमध्ये एक्सप्लेनचं जेसन रूप घेऊन त्यात त्या इंडेक्सचं नाव आहे का ते तपासा, आणि टेस्टचं टेबल इतकं भरा की प्लॅनरला इंडेक्स परवडेल. रिकाम्या टेबलवर तो तसाही सीक्वेन्शियल स्कॅनच घेईल. प्रॉडक्शनमध्ये पीजी स्टॅट यूझर इंडेक्सेस या व्ह्यूतला त्या इंडेक्सचा स्कॅनचा आकडा रोज नोंदवून ठेवा. एखाद्या रिलीजनंतर तो वाढायचा थांबला, तर त्या रिलीजमध्ये कोणीतरी केसला हात लावला आहे.